पहिला निर्णय ठाण्यातला

फौजदारी प्रकरणातला पहिला निर्णय ठाणे अंमलदाराच्या टेबलावर होतो. खटला न्यायाधीशांसमोर उभा राहीपर्यंत काही महिने, कधी काही वर्षे उलटलेली असतात. तोवर कोणते कलम लावायचे, कुणाला अटक करायची, कुणाला नुसती नोटीस द्यायची, कोणती वस्तू जप्त करायची, कुणाचा जबाब आधी घ्यायचा, हे सगळे ठरून गेलेले असते. ते ठरवणारा बहुधा पंचविशी-तिशीतला उपनिरीक्षक असतो, नाहीतर रात्रपाळीचा हवालदार. त्या पहिल्या काही तासांत जे राहून गेले, ते पुढे कितीही हुशार सरकारी वकील मिळाला तरी भरून येत नाही. पोलीस दलात जाऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींनी फौजदारी कायदा का शिकायचा, याचे माझ्या मते हेच खरे उत्तर आहे. परीक्षेतले गुण त्यानंतर येतात.

एक साधा प्रसंग घ्या. संध्याकाळी सातच्या सुमारास एक बाई ठाण्यात येते. बाजारातून परतताना मोटारसायकलवरच्या दोघांनी गळ्यातले मंगळसूत्र ओढून नेले, एवढेच ती सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ नुसार हा हिसकावून चोरी केल्याचा गुन्हा झाला. त्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण फिर्याद लिहून घेणाऱ्याने पुढे विचारले, "ताई, ओढताना तुम्हाला लागलं का? तुम्ही पडलात का? त्यांनी काही धमकी दिली का?" आणि बाईने पदर सारून गळ्यावरची जखम दाखवली, तर प्रकरणाची दिशाच बदलू शकते. चोरी साधण्यासाठी जाणूनबुजून दुखापत केली असेल तर ती जबरी चोरी होते आणि कलम ३०९(६) खाली शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

आता या एका प्रश्नावर काय काय अवलंबून आहे ते पाहा. पहिल्या कलमात अटक करायची तर ती का आवश्यक आहे याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. दुसऱ्या कलमात शिक्षा सात वर्षांहून अधिक असल्याने न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याची नवी तरतूद लक्षात घ्यावी लागते. आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्राची मुदत पहिल्या कलमात साठ दिवसांची, दुसऱ्यात नव्वद दिवसांची. बाईला त्याच संध्याकाळी यादी (तपासणीचे विनंतीपत्र) देऊन वैद्यकीय तपासणीला पाठवले नाही, तर आठवड्याभरात जखम भरून येते आणि पुरावाही तिच्याबरोबर जातो. उलट, जखम नसताना मोठे कलम चिकटवले, तर एखादा माणूस कायद्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त दिवस आत राहतो आणि खटला न्यायालयात टिकत नाही. प्रश्न विचारायचा राहणे आणि नको ते कलम लावणे, दोन्हींत अन्याय आहे.

या विषयाचा पट मोठा आहे, पण त्याची रचना एकदा समजली की गोंधळ होत नाही. मध्यभागी तीन कायदे आहेत. गुन्हा कशाला म्हणायचे आणि शिक्षा किती, हे भारतीय न्याय संहिता सांगते. तिची कलमे ३५८. फिर्यादीपासून निकालापर्यंत कोणी, कधी, कसे वागायचे हे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. तिची कलमे ५३१. न्यायालयात काय सिद्ध करता येते आणि कशाने, हे भारतीय साक्ष्य अधिनियम सांगतो. त्याची कलमे १७०. या तिन्हींच्या वर संविधान आहे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही आणि कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे अनुच्छेद २० चे सांगणे. जीवित आणि स्वातंत्र्य कायद्याच्या रीतीनेच हिरावता येते, हे अनुच्छेद २१ चे. अटकेची कारणे सांगणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे, हे अनुच्छेद २२ चे. भोवताली विशेष कायदे आहेत: १९८५ चा अमली पदार्थांचा, १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा, १९९९ चा मकोका, २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०१२ चा पोक्सो, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. आणि महाराष्ट्राच्या पोलिसाला रोज लागणारा १९५१ चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. जमावबंदीचे कलम ३७ आणि तडीपारीची कलमे ५५ ते ५७ त्यातलीच. गावपातळीवर पोलीस पाटलाचे काम १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने बांधलेले आहे.

ही इमारत एका दिवसात उभी राहिली नाही. पेशवाईत पुण्याला कोतवाल होता, गावोगावी पाटील आणि जागले होते. तपास, न्याय आणि शिक्षा यांच्यातल्या भिंती तेव्हा पातळ होत्या. कंपनी सरकार आल्यावर मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ साली, लेखी नियमावली आली. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने दंड संहितेचा मसुदा १८३७ मध्ये दिला, पण तो कायदा व्हायला १८६० उजाडले आणि १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. १८६१ मध्ये पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आली, त्याच वर्षी पोलीस अधिनियम आला. १८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेला पुराव्याचा कायदा आला.

या इतिहासातली एक गोष्ट प्रत्येक उमेदवाराने मनात कोरून ठेवावी. मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलिसांचे लोक माणसांचा छळ करून पैसे आणि कबुलीजबाब काढतात, याची चौकशी झाली आणि तिचा अहवाल १८५५ मध्ये आला. त्यानंतर १८६१ च्या प्रक्रिया संहितेत नियम आला की पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. तो पुढे पुराव्याच्या कायद्याच्या कलम २५ मध्ये गेला आणि आज साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कायद्याला आपल्यावर विश्वास नाही, असे अनेक नव्या पोलिसांना या कलमामुळे वाटते. त्यामागे खऱ्या माणसांनी सोसलेला खरा छळ आहे, हे कळले की नियमाचा राग येत नाही. शिवाय कबुलीच्या भरवशावर न राहता पुरावा शोधायला हाच नियम पोलिसाला भाग पाडतो.

स्वातंत्र्यानंतरचे टप्पेही असेच कुठल्या तरी दुःखातून आलेले आहेत. १९७३ च्या प्रक्रिया संहितेने, जी १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी यांची कामे वेगळी केली. विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातून पोलीस निर्दोष सुटले. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला; कोठडीतल्या अत्याचाराला वेगळी, कठोर तरतूद झाली. १९९६ च्या अखेरीस डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणे, वैद्यकीय तपासणी. २०१३ मध्ये ललिता कुमारी निकालाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच गुन्हा नोंदवणे बंधनकारक ठरवले. २०१४ मध्ये अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटकेला लगाम घातला. २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करण्याचा आग्रह धरला. आज संहितेतल्या कलमांत जे सरळ लिहिलेले दिसते, त्यातले बरेचसे आधी अशा निकालांतून आलेले आहे.

या विषयाकडे पाहण्याच्या दृष्टीही अनेक आहेत. इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्ये मांडले की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री गुन्हा रोखते आणि कायदा सर्वांना आधी माहीत असला पाहिजे. आपल्या संहितांमधली नेमकी व्याख्या, तिचे अपवाद आणि उदाहरणे हा त्याच विचाराचा वारसा. एकोणिसाव्या शतकात दुसरा प्रवाह आला: गुन्हेगार जन्मजातच तसा असतो, असे म्हणणारा. आपल्याकडे याच प्रकारच्या समजुतीने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा घडवला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागला आणि अख्ख्या जमातींवर शिक्का बसला. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण चोरी कुठेही झाली तरी पहिला संशय आजही पारध्यांच्या पालावर जातो. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ज्याने वाचले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. संशयाला आधार हवा आणि तो व्यक्तीच्या कृतीत हवा, जातीत नव्हे. हा धडा महाराष्ट्राच्या पोलिसाने इतर कोणाहीपेक्षा पक्का शिकला पाहिजे.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या हर्बर्ट पॅकर यांनी फौजदारी व्यवस्थेची दोन रूपे मांडली: गुन्ह्याचा झटपट निकाल लावू पाहणारे आणि प्रत्येक पायरीवर कायद्याची रीत तपासणारे. ठाण्यात काम करणाऱ्याला ही ओढाताण रोज जाणवते. वरिष्ठ गुन्हा उघडकीला येण्याची वाट पाहत असतात, आणि न्यायालय कागद मागणार असते. त्यात आता तिसरी बाजू आली आहे, पीडिताची. तपासात काय प्रगती झाली, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे नव्या संहितेने बंधनकारक केले आहे.

अभ्यासाच्या परंपराही तीन. मुंबईच्या रतनलाल आणि धीरजलाल या जोडीच्या ग्रंथांनी वकील आणि न्यायाधीशांच्या पिढ्या घडवल्या. तिथे कलम, मग त्यावरचे निकाल, अशी मांडणी असते. पोलीस नियमावली आणि प्रशिक्षण केंद्रांतली टिपणे ही दुसरी परंपरा: कोणत्या नोंदवहीत काय लिहायचे, मुद्देमालाला लेबल कसे लावायचे. तिसरी स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांची: कलम क्रमांक, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र. तिन्हींना आपापली जागा आहे. पण पहिलीत ठाणे दिसत नाही, दुसरीत कारण दिसत नाही आणि तिसरीत माणूसच दिसत नाही.

कारण समजले की कागद कसा बदलतो, त्याचे एक उदाहरण जवळून पाहू. कोठडीतला आरोपी म्हणतो, "ज्या चाकूनं मी मारलं, तो नाल्याकडेच्या बाभळीखाली पुरलाय, चला दाखवतो." स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टाया खटल्यात घालून दिलेली रेषा आजही तीच आहे. चाकू कुठे आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढेच सिद्ध करता येते. "मी मारलं" हे शब्द पुरावा होत नाहीत. म्हणून निवेदन पंचनाम्याला पंच आधी हजर हवेत. आरोपीचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवायला हवेत. जागा त्याने दाखवायला हवी, पोलिसांनी त्याला तिथे नेऊन उभे करणे चालत नाही. चाकू निघाल्यावर त्याची लांबी, त्यावरचे डाग, जागेची चतुःसीमा लिहावी, पंचांच्या सह्यांची लेबले लावून जागेवरच सील करावे. झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण आता कलम १०५ नुसार हवेच. मग मुद्देमाल नोंदवहीतली नोंद, प्रयोगशाळेला पाठवल्याची तारीख, नेणाऱ्या अंमलदाराचा जबाब. या साखळीतला एक दुवा जरी सैल राहिला, तरी उलटतपासणीत बचावाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. हे सगळे पाठ करून लक्षात राहत नाही. कबुलीवरचा अविश्वास कुठून आला आणि वस्तूला इतके महत्त्व का, हे ज्याला समजले त्याला पुढची पायरी आपोआप सुचते.

हा अभ्यास आजच का तातडीचा आहे? पहिले कारण, १ जुलै २०२४ पासून तिन्ही कायदे बदलले. पण जुने संपले नाहीत. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला १८६० ची भारतीय दंड संहिताच लागू राहते, म्हणून येत्या अनेक वर्षांत एकाच ठाण्यात खुनाचे ३०२ आणि १०३, फसवणुकीचे ४२० आणि ३१८ शेजारी-शेजारी नांदतील. दुसरे, प्रक्रिया खरोखर बदलली आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्याने घ्यायची, मग ती वर्ग करायची. ई-मेलने आलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही घ्यायची. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत टप्प्याटप्प्याने मागता येते. या प्रत्येक सवलतीबरोबर नवी जबाबदारी आली आहे, आणि न्यायालये ती बारकाईने पाहत आहेत. अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले.

तिसरे कारण पुराव्याचे बदललेले रूप. आज साध्या मारामारीतही दुकानाचा सीसीटीव्ही, मोबाइलचे लोकेशन, व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश असतो. दुकानदाराच्या डीव्हीआरमधले चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. म्हणजे उशीर हाच पुरावा नष्ट करतो. आणि मिळवलेले चित्रीकरणही साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र आणि हॅश मूल्याशिवाय पुढे टिकत नाही. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये, जुन्या कायद्याखालचे असेच प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे ठामपणे सांगितले गेले. सायबर फसवणुकीत तर १९३० या मदत क्रमांकावर पहिल्या तासात झालेली नोंद आणि दुसऱ्या दिवशी झालेली नोंद यांत एखाद्या निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी वाचते किंवा जाते.

हे पुस्तक कलमांच्या क्रमाने न जाता प्रकरणाच्या क्रमाने जाते, ते या सगळ्यामुळे. फिर्याद दारात येते तिथे ते सुरू होते आणि न्यायालयात तपास अधिकाऱ्याची साक्ष होते तिथे थांबते. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारले आहेत: कायद्याने मला इथे कोणता अधिकार दिला आहे, तो कुठे संपतो, आणि मी तो वापरला हे कोणत्या कागदाने दिसेल. नव्या कलमाशेजारी जुना क्रमांक दिला आहे. निकाल मोजकेच घेतले आहेत, पण प्रत्येकाच्या मागची घटना सांगितली आहे, कारण घटना लक्षात राहिली की नियम लक्षात राहतो. पंचनामा, अटक फॉर्म, नोटीस, रिमांड अर्ज यांचे नमुने भरलेल्या स्वरूपात आहेत. नुसत्या रिकाम्या चौकटींतून काही शिकता येत नाही. विशेष कायद्यांपैकी ठाण्यात वारंवार लागणारेच निवडले आहेत; मकोकासारख्या कायद्यांचा सखोल अभ्यास सेवेत आल्यावर करायचा आहे.

परीक्षेची तयारी करणाऱ्याला यातून गुण मिळतीलच. पण एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलेल्या, पहाटे मैदानावर धावून आलेल्या मुलामुलींनी हे पुस्तक केवळ तेवढ्यासाठी वाचू नये, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. ठाण्यात येणारा माणूस बहुतेक वेळा आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी येतो. त्याला कायदा माहीत नसतो, ओळख नसते, वकील परवडत नसतो. त्याचप्रमाणे ज्याला पकडून आणले आहे, तोही त्या क्षणी एकटा असतो, आणि कदाचित निर्दोष असतो. या दोघांच्याही बाजूने त्या वेळी उभा राहू शकतो असा एकच माणूस खोलीत असतो: कायदा जाणणारा पोलीस.

वाचताना मूळ अधिनियम शेजारी उघडा ठेवा. प्रत्येक कलम आधी स्वतः वाचा, मग त्याचे विवेचन. वर्तमानपत्रातल्या गुन्ह्याच्या बातमीवर फिर्याद लिहून बघा, कलम लावून बघा, मग आरोपीचा वकील होऊन तीच फिर्याद फोडून बघा. ही सवय अकादमीत जाण्याआधीच लागली, तर नेमणुकीच्या पहिल्या रात्री टेबलासमोर रडणारी बाई बसलेली असताना कोणता प्रश्न विचारायचा, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.